परचक्रानंतर : बेचिराग गावात पुन्हा दिवा कसा लागतो?

परग्रहावरून आलेल्या एखाद्या बलाढ्य शत्रूने पृथ्वीवरील नगरे जाळली, राज्ययंत्रणा मोडून टाकल्या आणि पुढे तो शत्रू निघून गेला किंवा नष्ट झाला, तर मागे उरलेली माणसे आपला समाज पुन्हा कसा उभा करतील? आजच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अपरिचित नाही. चित्रपटांनी आणि विज्ञानकथांनी तो त्याच्या कल्पनेत खोल रुजविला आहे. परंतु या कथांचा बहुतेक भाग विध्वंसाच्या वर्णनात खर्ची पडतो. विध्वंसानंतर काय, या प्रश्नाला त्यांत शेवटची चार पाने मिळतात. स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने त्या शेवटच्या चार पानांचाच विचार करावा आणि तो आपल्या तापीकाठच्या इतिहासाच्या आधारे करावा, असे योजिले आहे.

१. प्रश्नाचे मूळ

या प्रकारच्या कथांचा पाया एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीने घातला. मंगळावरील प्राणी इंग्लंडवर उतरतात, त्यांच्या यंत्रांपुढे तोफा निष्प्रभ ठरतात, लंडन ओस पडते, आणि अखेर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंच्या संसर्गाने ते आक्रमक मरून जातात, असे तिचे कथानक आहे. या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वेल्सने वाचकाला टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांची आठवण करून दिली आहे. युरोपीय वसाहतकारांनी त्या लोकांचा जो संहार केला, तो लक्षात घेता मंगळवासीयांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, असा त्याचा रोख होता. म्हणजे आकाशातून येणारा शत्रू ही कल्पना मुळात जमिनीवरील अनुभवातूनच जन्मली आहे.

मराठी भाषेला या अनुभवासाठी शब्द शोधावा लागत नाही. ‘परचक्र’ हा शब्द आपल्याकडे शतकानुशतके रुळलेला आहे. परक्याची सेना मुलखात शिरली की ते परचक्र. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही अस्मानी. राज्यकर्त्यांच्या आणि फौजांच्या हातून होणारी नासाडी ती सुलतानी. जुन्या पत्रव्यवहारात या दोन्ही शब्दांची जोडी वारंवार भेटते, कारण रयतेच्या वाट्याला ती दोन्ही संकटे बहुधा एकामागून एक येत. ज्या समाजाला परचक्र ठाऊक होते, त्याला परचक्रानंतरची विद्याही अवगत करून घ्यावी लागली. ती विद्या कोणती, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. तापीकाठची परचक्रे

खानदेशच्या फारुकी सुलतानांनी इ. स. १४०० च्या सुमारास वसविलेले बुरहानपूर तापीच्या उत्तर तीरावर आहे, आणि उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड आहे. सातपुड्यातील या खिंडीतून उत्तर हिंदुस्थान आणि दक्षिण यांना जोडणारा राजमार्ग जातो. त्यामुळे जो कोणी दक्षिणेवर अथवा उत्तरेवर चाल करून गेला, त्याची फौज आपल्या दारावरून गेली. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी राज्य संपले. त्यानंतर बुरहानपूर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे बनले. दक्षिणेतील मोहिमांच्या फौजा येथे जमत, येथेच अन्न खात आणि येथूनच निघत.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर भीषण दुष्काळ कोसळला. त्याच वेळी शाहजहानची छावणी बुरहानपुरात होती. येथेच जून १६३१ मध्ये मुमताज महलचा मृत्यू झाला, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्याच महिन्यांत या वाटेवर हजारो अनाम माणसे अन्नावाचून मेली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सुरतेहून आग्र्याला जाणारा पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या अखेरीस याच मार्गाने गेला, आणि रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांची वर्णने त्याने लिहून ठेवली आहेत. अस्मानीच्या जोडीला सुलतानी होतीच, कारण मोठ्या छावणीला लागणारे धान्य आणि चारा याच मुलखातून जात होता.

१६८१ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बुरहानपूरवर छापा घातला आणि बहादुरपुरा व शहराबाहेरील इतर संपन्न पुरे तीन दिवस लुटले. मराठी शाळेत हा प्रसंग पराक्रमाचा म्हणून शिकविला जातो, आणि लष्करी दृष्टीने तो तसा होताच. परंतु बहादुरपुऱ्यातील सराफ आणि विणकर यांच्या दृष्टीने ते परचक्रच होते. याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुरहानपुरास पोचला आणि पुढील पंचवीस वर्षे महाराष्ट्रातील गावांनी त्याहून मोठे परचक्र सोसले. एकाच्या पोवाड्याचा विषय दुसऱ्याच्या वेशीवर राखेचा ढीग असू शकतो. बुरहानपुरातील मराठी माणसाने ही दोन्ही सत्ये एका वेळी मनात बाळगली पाहिजेत. पुनर्घडणीचा प्रामाणिक विचार त्याखेरीज होऊ शकत नाही.

१७३१ मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाह याने शहराभोवती विटांचा तट बांधला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुरहानपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. तट होता, सत्ता आपली म्हणावी अशी होती, तरीही सर्वांत वाईट काळ त्यानंतरच आला. यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे यांच्या कलहात खानदेश तुडविला गेला. १८०३ मध्ये पाऊस हुकला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने बुरहानपूर व असीरगड घेतले आणि तहानंतर ते शिंद्यांना परत मिळाले. त्यानंतर १८१८ पर्यंत पेंढाऱ्यांचे थवे निमाडात मोकाट फिरत राहिले. त्या वर्षांना निमाडचे लोक ‘गर्दी का वक्त’ म्हणत. ‘गर्दी’ या शब्दाचा आजचा अर्थ माणसांचा जमाव एवढाच उरला आहे. जुन्या भाषेत तो दाणादाण, लूट आणि अराजक यांचा वाचक होता. ‘भाऊगर्दी’ या शब्दात पानिपतची ती जुनी छटा अजून शिल्लक आहे.

३. गाव उजाड होते म्हणजे नेमके काय होते?

जुन्या महसुली कागदांत ओस पडलेल्या गावापुढे ‘बेचिराग’ असा शेरा मारीत. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते बेचिराग. कारकुनाच्या या एका शब्दात गावाच्या मरणाची व्याख्या सामावलेली आहे.

गाव घरे जळाल्यामुळे मरत नाही. कुडाचे आणि गवताचे घर बांबू, माती व पळाट्या जमवून थोड्या दिवसांत पुन्हा उभे राहते. गाव मरते ते बैल गेल्यामुळे आणि बियाणे गेल्यामुळे. लुटारू फौज जनावरे हाकून नेते, पेव फोडून धान्य काढते, आणि त्या धान्यातच पुढल्या वर्षाचे बी असते. एक हंगाम पेरणी चुकली की तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी माजते. त्यांची मुळे इतकी खोल जातात की जमीन पुन्हा वहितीला आणण्यासाठी जड नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागतात. ज्याच्याजवळ एकही बैल उरला नाही, त्याने हे करावे कसे? म्हणून दुसऱ्या वर्षी शेतकरी परमुलखात मजुरीला जातो. शेतकरी गेला की सुतार, लोहार, चांभार यांचे बलुते बुडते आणि तेही जातात. सावकाराला वसुलीची आशा उरत नाही, तेव्हा तो मोठ्या गावात दुकान हलवितो. शिवाराच्या खुणा जाणणारे वृद्ध परगावी मरतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रान गावठाणापर्यंत येते आणि रानाबरोबर जनावरे येतात. चितू हा नामांकित पेंढारी पुढारी १८१९ मध्ये पाठलाग चुकवीत असीरगडाच्या टापूतील जंगलात हिंडत असता वाघाच्या तोंडी पडला. ज्यांनी गावे ओस पाडली, त्यांच्यापैकी एकाचा शेवट अशा वाढत्या रानातच व्हावा, यात त्या काळच्या निमाडची अवस्था दिसते.

या साखळीतील प्रत्येक कडी दुसरीवर अवलंबून आहे. त्यामुळे नुसती शांतता प्रस्थापित झाली म्हणून गाव आपोआप वसत नाही. लुटारूंचे भय संपल्यावरही शेतकऱ्याच्या मनात दुसरे भय उरतेच. मी कष्टाने रान साफ करीन, उसनवारीने बैल आणीन, आणि पीक हाती येताच सरकारचा कमाविसदार पूर्ण साऱ्याची मागणी घेऊन उभा राहील. पहिले भय तलवारीचे असते आणि दुसरे दप्तराचे. दुसरे भय जोवर जात नाही, तोवर शेतकरी परत येत नाही.

४. कौल, इस्तावा आणि तगाई

या दुसऱ्या भयावर आपल्या पूर्वजांनी शोधलेला उपाय म्हणजे कौल. कौल म्हणजे सत्तेने रयतेला लेखी दिलेले अभयवचन. ‘अमुक गावी येऊन वस्ती करा, अमुक वर्षे अमुकच सारा घेतला जाईल, जाजती उपद्रव लागणार नाही’ असा त्याचा सर्वसाधारण आशय असे. घरावर कौले चढण्याच्या आधी शेतकऱ्याच्या हाती कौल पडावा लागे.

कौलाची अंमलबजावणी इस्ताव्याने होई. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी अगदी नाममात्र सारा घ्यावा, दुसऱ्या वर्षी थोडा वाढवावा, आणि असे करीत काही वर्षांनी पूर्ण दरावर यावे, या चढत्या पद्धतीला इस्तावा म्हणत. जमिनीची ताकद आणि कुळाची ताकद हळूहळूच परत येते, हे शहाणपण या पद्धतीत होते. तिसरे साधन तगाईचे. बैल, बियाणे आणि पहिल्या पिकापर्यंतचे पोट यांसाठी सरकारने आगाऊ दिलेली रक्कम ती तगाई.

या तिन्हींचा उत्तम मेळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका पत्रात दिसतो. मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना सप्टेंबर १६७६ मध्ये लिहिलेल्या या पत्रात सुभेदाराने गावोगाव हिंडून कुणबी गोळा करावे, कोणाजवळ माणूसबळ, बैल व दाणे आहेत ते पाहावे, ज्याच्याजवळ नाहीत त्याला दोन-चार बैलांसाठी रोकड पैसा आणि पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, आणि त्याला तवाना झाल्यावर व्याज न लावता केवळ मुद्दल हळूहळू उगवून घ्यावे, अशा आशयाची आज्ञा आहे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची मुभाही दिली आहे. यातील बारकावा पाहण्यासारखा आहे. मदत जात, नाते किंवा वशिला पाहून द्यायची नाही. शेतात प्रत्यक्ष काय उणे आहे ते पाहून द्यायची आहे.

महाराजांना हे धडे बालपणीच मिळाले असणार. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरविला, अशी परंपरा सांगते. ही वस्ती शापित आहे, येथे पुन्हा कोणी राहू नये, असा त्याचा अर्थ. पुढे जिजाबाईंच्या वास्तव्यात आणि दादोजी कोंडदेव यांच्या कारभारात त्याच भूमीत सोन्याचा फाळ लावून नांगर धरला गेला, असेही परंपरा सांगते. सोन्याच्या फाळाने जमीन नांगरली जात नाही, हे त्या काळच्या शेतकऱ्यालाही कळत होते. परंतु सत्ता आता येथे पेरायला आली आहे, हा निरोप त्या एका नांगराने सर्वांपर्यंत पोचला. त्यामागोमाग सवलतीचे कौल दिले गेले, म्हणून तो निरोप खरा ठरला.

ही विद्या मराठ्यांपुरती मर्यादित नव्हती. १६३०-३२ च्या दुष्काळात शाहजहानने बुरहानपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले. बुरहानपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटल्याची आणि साऱ्यात सुमारे सत्तर लाखांची सूट दिल्याची नोंद दरबारी इतिहासात आहे. संकटाच्या मानाने हे साहाय्य तोकडे होते, आणि दख्खनचा मुलूख त्यानंतर वीस वर्षे सावरला नाही. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला. तेव्हा मुर्शिद कुलीखान या दिवाणाने पुनर्वसनाचे खरे काम हाती घेतले. त्याने जमिनीची मोजणी करविली, जेथे पाटील उरला नव्हता तेथे नवा नेमला, गरीब रयतेला बैल व बियाण्यासाठी कर्ज दिले आणि ते पिकावर हप्त्यांनी वसूल केले. कोरडवाहू पिकाचा निम्मा, तर विहिरीच्या पाण्यावरील पिकाचा एक तृतीयांश हिस्सा सरकारचा, असा त्याने दर ठरविला. जेथे शेतकऱ्याचे श्रम आणि भांडवल अधिक, तेथे सरकारचा वाटा कमी, असा त्यामागील विचार होता. रामाजी अनंतांना लिहिलेले पत्र आणि मोगल दिवाणाची ही कार्यपद्धती यांतील साम्य योगायोगाचे नाही. ओस पडलेली जमीन दोघांनाही तेच शिकवीत होती.

विसाव्या शतकातील युरोपला हाच धडा मोठी किंमत देऊन शिकावा लागला. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीकडून जबर खंडणी मागितली गेली आणि वीस वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ ते १९५२ या काळात मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपला सुमारे तेरा अब्ज डॉलरचे साहाय्य देण्यात आले आणि त्यात पश्चिम जर्मनीचाही समावेश होता. नाव वेगळे असले तरी ही एका खंडाला दिलेली तगाईच होती.

५. अनेक हातांचे गाव

शेतकरी परत आला म्हणजे गाव वसले असे नाही. पाटील, कुलकर्णी, चौगुला, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार असे अनेक हात एकत्र आले तरच नांगराचा फाळ शेवटला जातो, मोट शिवली जाते आणि शिवेचा तंटा मिटतो. म्हणून पुन्हा वसाहत करताना वतनदारांना त्यांची वतने परत मिळतील असे आश्वासन देण्याची प्रथा होती. परागंदा झालेल्या कुटुंबाचा हक्क सहसा बुडत नसे. पुढल्या पिढीतील माणूस येऊन उभा राहिला, आणि गोतसभेत साक्षी पटल्या, तर त्याची जमीन त्याला मिळे. कागद जळाले तरी हक्क जळू नये, यासाठी समाजाने स्मृतीलाच दप्तर बनविले होते.

या व्यवस्थेतील मर्म कौतुकास्पद आहे, तसेच तिचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. शिवेच्या वादात ज्या महाराची साक्ष अखेरची मानीत, त्याचे घर मात्र पुनर्वसित गावातही वेशीबाहेरच ठेवले जाई. मोडलेली घडी पुन्हा बसविताना तिच्यातील जुन्या अन्यायाच्या चुण्याही तशाच बसविल्या गेल्या. समाज नव्याने उभारण्याची संधी इतिहासात क्वचित येते. अशा वेळी काय पूर्ववत करावे आणि काय करू नये, याचा विवेक लागतो. आपल्या पूर्वजांनी पहिला भाग चांगला साधला आणि दुसऱ्या भागाकडे पाठ फिरविली.

६. मोडलेला कौल

खानदेश व निमाडातील भिल्ल समाजाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. शांततेच्या काळात अनेक गावांत भिल्ल हेच जागले असत. गावाची राखण करावी, घाटाची वाट सांभाळावी आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यावा, असा तो संबंध होता. गावे बेचिराग झाली तेव्हा राखण करण्यासारखे काही उरले नाही आणि हक्क देणाराही उरला नाही. राखणदार डोंगरात गेला आणि पोटासाठी लुटारू झाला. परचक्राने असे आतले शत्रू निर्माण केले.

१८०४ मध्ये पेशव्यांचा खानदेशातील अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांच्या मोठ्या जमावाला कोपरगावी बोलावून घेतले, त्यांना घेरले आणि बहुतेकांना दोन विहिरींत फेकून मारले, अशी नोंद गॅझेटियरांत आहे. काही काळ वचक बसला. पुढे दंगे अधिकच वाढले. ज्याला बोलावणे हे अभय वाटावे, त्याला ते मरण ठरले. त्यानंतर कोणत्या नाईकाने कोणाच्या शब्दावर डोंगर उतरावा?

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी आरंभी फौजेच्या बळावर भिल्लांचा बंदोबस्त करण्याचा प्रयत्न केला आणि काही नाईकांना वेतनेही दिली, परंतु अस्वस्थता शमली नाही. १८२५ मध्ये धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. शेती करू इच्छिणाऱ्या भिल्लांना जमीन, बैल व बियाण्यासाठी तगाई मिळू लागली, आणि जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. औट्रम पहाऱ्याशिवाय त्यांच्या वस्त्यांत राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, आणि मग एकेक जण भरती होऊ लागला. ज्याच्यामुळे वाट बंद होती, त्याच्याच हाती वाटेची राखण दिली गेली आणि घाट खुले झाले.

या यशाचे गुणगान करताना पुढील इतिहास झाकून ठेवता येणार नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाला इंग्रजांनी तुरुंगात घातले. नंतर त्याला कामावर घेतले, पण १८५७ मध्ये तो त्यांच्यावर उलटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजांशी मोठी लढाई झाली. १८७८ च्या जंगल कायद्याने तर ज्या रानावर हे लोक जगत होते, त्याचाच ताबा सरकारने घेतला. स्वातंत्र्यानंतर जवळपास साठ वर्षांनी, २००६ च्या वनाधिकार कायद्याने या अन्यायाची लेखी कबुली दिली गेली. आपल्या जिल्ह्यातील जंगलपट्ट्यांत त्या कायद्याखालील दावे आणि तंटे आजही चालू आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या परचक्रानंतरचे पुनर्वसन या एका बाबतीत अद्याप पुरे झालेले नाही, असे म्हटल्यास ते चूक ठरणार नाही.

कौलाविषयीची शंका शेतकऱ्यांतही होती. आपल्या शेजारच्या सावदा, रावेर, फैजपूर भागात १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध शेतकरी हजारोंनी जमले. मोजणी म्हणजे सारावाढ, अशी त्यांची खात्री झाली होती. मोजणीची साखळी तीच, पण मुर्शिद कुलीखानाच्या हाती ती रयतेला आश्वासक वाटली आणि येथे भयप्रद. साधनाचे मोल ते वापरणाऱ्याच्या शब्दावर ठरते.

७. जमिनीखालचे पाणी

परचक्राच्या काळात काय टिकते, याचे उत्तर बुरहानपूरच्या पायाखाली आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, येथील जलव्यवस्था आखली गेली. सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपत जाणारे भूजल जमिनीखालील बोगद्यांत अडवून उताराने शहरात आणायचे, आणि हवा, उजेड व दुरुस्ती यांसाठी ठराविक अंतरावर उभ्या कुंड्या ठेवायच्या, अशी तिची रचना आहे. इराणातील कनातींशी तिचे नाते आहे. कुंडी भंडाऱ्यात अशा शंभराहून अधिक कुंड्या असून त्यांतील पाणी आजही वाहते.

या रचनेत उचलण्याचे यंत्र नाही, जळण नाही, आणि वरून पाहणाऱ्या शत्रूला सहज हेरता येईल असा जलाशय नाही. सत्ता बदलल्या, तट बांधले गेले आणि ढासळले, तरी पाणी आपल्या उताराने येत राहिले. १६४१ मध्ये येथून गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याला हे शहर बरेचसे पडझड झालेले दिसले. तरीही येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात होते, असे तो लिहितो. महादुष्काळाला तेव्हा दहाच वर्षे लोटली होती. विणकराला सूत, गिऱ्हाईक आणि रंगाईसाठी स्वच्छ पाणी मिळाले की त्याचा माग पुन्हा चालू होतो. पुढेही १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून परागंदा झालेली विणकर कुटुंबे येथे येऊन स्थिरावली आणि शहराचा हा व्यवसाय वाढला. निर्वासितांना जागा देणारे गाव स्वतःचीच पुनर्घडण करीत असते.

मात्र कोणतीही रचना देखभालीवाचून टिकत नाही. बोगद्यांत चुन्याचे थर साचतात, आसपास खोल कूपनलिका झाल्या की झरे आटतात. शत्रूने न मोडलेली वस्तू आपल्या दुर्लक्षाने मोडू शकते.

८. निष्कर्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शत्रू मंगळावरून येवो वा सातपुड्यापलीकडून, मागे उरलेल्या माणसांपुढील कामे तीच राहतील. पहिल्या पेरणीसाठी लागणारी साधने माणसाच्या हाती परत द्यावी लागतील आणि त्यांची परतफेड त्याच्या ताकदीप्रमाणे घ्यावी लागेल. जळालेल्या कागदांच्या जागी विश्वासार्ह स्मृती आणि नव्या नोंदी उभ्या कराव्या लागतील. डोंगरात गेलेल्याला, वेशीबाहेर ठेवलेल्याला आणि परमुलखातून आलेल्याला नव्या गावात हक्काची जागा द्यावी लागेल. पाणी, अन्न व दळणवळण यांची साधी, दुरुस्त करता येणारी साधने आधीच राखून ठेवावी लागतील. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला आणि तिसऱ्याच दिवशी शहराच्या एका भागात ट्राम पुन्हा चालू झाली. त्या ट्रामने किती माणसे वाहून नेली याला फारसे महत्त्व नाही. कोणीतरी कामावर आले आहे, एवढे तिने उरलेल्यांना सांगितले.

या सर्वांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे पाळला जाणारा शब्द. तगाई हा उद्याच्या पिकावर ठेवलेला विश्वास आहे, इस्तावा हा सत्तेने स्वतःवर घातलेला निर्बंध आहे, आणि कौल हे त्या दोहोंचे नाव आहे. कोपरगावात तो मोडला तेव्हा एका पिढीचे पुनर्वसन लांबले. धरणगावात तो काही काळ पाळला गेला तेव्हा घाट खुले झाले. परचक्राने घरे, बैल आणि माणसे नेली तरी ती काही वर्षांत पुन्हा उभी राहतात. शब्दावरचा विश्वास एकदा गेला तर तो मिळवायला पिढ्या लागतात.

शाळेचा या विषयाशी संबंध येथेच येतो. नोंद ठेवणे, मोजणी समजणे, हिशेब सचोटीने मांडणे, दिलेला शब्द पाळणे आणि आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाची बाजू ऐकून घेणे, या गोष्टी शांततेच्या काळात शिकविल्या जातात आणि संकटाच्या काळात उपयोगी पडतात. ज्या गुरुजनांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी फळ्यावर खडूने शिकविले ते हेच होते. आपले माजी विद्यार्थी आज सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, सहकारी संस्थांत, रुग्णालयांत आणि शेतांत काम करीत आहेत. पूरग्रस्ताच्या नुकसानीचा पंचनामा, शेतकऱ्याच्या कर्जाचा अर्ज, वनवासी कुटुंबाचा दावा, हे कागद त्यांच्या टेबलावर येतात. असा प्रत्येक कागद एक लहानसा कौल आहे. तो वेळेवर आणि प्रामाणिकपणे निकाली निघाला, तर कोठेतरी एका घरात संध्याकाळी दिवा लागेल.